मुंबईत नव्याने राहायला येताय? घराआधी गाडी बघा

मांजराकाठ | रविवार, दुपारी ३:१०

लातूरहून बदली होऊन मुंबईत आले तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतच असतो. "आमच्या पोरीला तिकडं नोकरी लागलीय, खोली कुठं बघावी?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा काढतेय. जुन्या मुंबईकरांनी भर घाला. ज्यांना यायचंय त्यांनी मोकळेपणाने विचारा.

माझं सांगणं एकच आहे: मुंबईत घर बघायच्या आधी गाडी बघा. आपल्याकडे भाड्याचं घर घेताना गल्ली कशी आहे, शेजार कसा आहे, बोअरला पाणी आहे का, एवढं पाहिलं की झालं. कामाची जागा गावात कुठेही असो, स्कूटरने पोचता येतं. इथे तसं नाही. ऑफिस कुठल्या लाइनवर आहे, उतरायचं स्टेशन कोणतं, तिथे फास्ट थांबते का, उतरल्यावर पुढे बस, रिक्षा की पायी, हे आधी कागदावर लिहा. मग त्याच लाइनवर मागे मागे जात आपल्याला परवडणारं स्टेशन शोधा.

माझं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. नकाशात ते वांद्र्याला चिकटलेलं दिसतं, म्हणून जो तो वेस्टर्न लाइन सुचवत होता. पण बीकेसीच्या दुसऱ्या अंगाला कुर्ला आहे. तिथे सेंट्रलची फास्ट थांबते आणि हार्बरही आहे. म्हणजे एका बाजूला मुलुंड, ठाणे, डोंबिवली आणि दुसऱ्या बाजूला चेंबूर, मानखुर्द, वाशी, एवढा सगळा पट्टा उघडतो. आम्ही डोंबिवली घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी अशी मेट्रो ३ सुरू झाली आणि वर्षभरात ती कफ परेडपर्यंत पोचली. त्यामुळे मरोळकडच्या लोकांनाही बीकेसी जवळ आलंय.

दुसरी गोष्ट, घर आवडलं तरी लगेच टोकन देऊ नका. एजंट घर दाखवतात रविवारी दुपारी. तेव्हा रस्ते मोकळे, गाड्या मोकळ्या. त्याऐवजी सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी त्या बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसच्या गेटपर्यंत स्वतः जाऊन बघा, आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत या. शेअर रिक्षाच्या रांगेत किती वेळ गेला, पुलावर किती, गाडीत चढायला मिळालं की एक सोडावी लागली, सगळं घड्याळ लावून मोजा. भाडं थोडं कमी पडावं म्हणून आणखी चार स्टेशनं पुढे गेलेले माझे सहकारी आहेत. मुलं उठायच्या आत निघतात आणि झोपल्यावर पोचतात. त्यांचं बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण वाचलेले पैसे दिसतात, गेलेला वेळ कुणी हिशोबात धरत नाही.

आता लेडीज डब्याबद्दल थोडं, कारण मला मुंबई कळली ती तिथे. संध्याकाळी कुर्ल्याला चढलं की बसलेल्या बायकांना विचारायचं, "कुठे उतरणार?" कुणी म्हणते घाटकोपर, कुणी ठाणा. घाटकोपरवालीला सांगून ठेवायचं, तुमची जागा मला, आणि तिच्या समोर उभं राहायचं. ती उठताना दुसरी कुणी बसायला गेली तर ती हाताने थोपवते, "यांना दिलीय." कुठे लिहिलेलं नाही, टीसी बघायला येत नाही, पण हा शब्द मोडलेला मी पाहिला नाही. मला हे एका बाईंनी शिकवलं. त्या मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत होत्या. माझी बॅग ओढून स्वतःच्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, "नवीन दिसतेस. अशी उभी राहिलीस तर कल्याणपर्यंत उभीच राहशील. विचार ना!" त्यानंतर कित्येक संध्याकाळी आम्ही एकत्र आलो. दसऱ्याला डबा सजवला, कुणाचं डोहाळजेवण केलं. त्यांचं घर मी अजून पाहिलेलं नाही, पण मला ताप आला तेव्हा "आज का नाही आलीस" असा पहिला फोन त्यांचाच होता.

पावसाळ्याचंही सांगते. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथून आलेल्या माणसाला घराच्या भिंतीतून पाणी झिरपतंय हे बघून काय वाटतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. घर बघताना छताचे कोपरे, खिडकीखालची भिंत नीट बघा. एका कोपऱ्यालाच ताजा रंग असेल तर तिथे ओल आहे असं धरून चाला. सगळ्यात वरचा मजला असेल तर खालच्या मजल्यावरच्या माणसांना विचारा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालंय.

---

बोरिवली_पूर्व | रविवार, दुपारी ४:०२

मस्त लिहिलंय ताई. वेस्टर्नवाल्यांसाठी भर घालतो.

चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. संध्याकाळी विरार फास्टमध्ये बोरिवलीसाठी चढू नका. उतरायला दारापर्यंत पोचता येत नाही, आणि लांब जाणारे लोक चिडतात, त्यांचंही बरोबर आहे. बोरिवलीहून सुटणाऱ्या आणि बोरिवलीलाच संपणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, त्या धरा. एसी लोकल २०१७ च्या नाताळपासून आहे आणि आता तिच्या फेऱ्याही वाढल्यात. पास महाग आहे, पण दारं बंद असतात. पावसात आणि मे महिन्यात तिची किंमत कळते.

नवीन मुलांना हात जोडून सांगतो, दारात लटकू नका. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांतली माणसं खाली पडली आणि घरी गेलीच नाहीत. गाडी सोडा. साहेबाची बोलणी खाल्ली तरी चालतील.

आणि रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला जात नाहीत. दादर, परळ, गिरगाव या बाजूला टॅक्सी किंवा बेस्टची बस. फेब्रुवारी २०२५ पासून मीटर रिक्षाला २६ आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीला ३१ रुपयांपासून सुरू होतो. बेस्टचं कमीत कमी तिकीट आता साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे.

---

केळीची_बाग | रविवार, संध्याकाळी ५:३५

मी जळगावचा. माटुंग्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय, पण होस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही. वडाळ्याला एका ठिकाणी कॉट बेसिसवर जागा बघितली. एका खोलीत सहा कॉट, कपाट अर्धं. घरच्यांना फोटो पाठवले तर आई रडायला लागली. हे सगळीकडे असंच असतं का? आणि जेवणाचं काय करतात?

---

गिरणगावकर | रविवार, रात्री ९:१८

केळीची बाग, बाळा, आईला माझी ही पोस्ट वाचून दाखव.

माझे वडील साताऱ्याकडून परळला आले ते गिरणीत बदली कामगार म्हणून, म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी काम. त्या काळी गावच्या मंडळाची इथे खोली असायची. आमच्या गावाची लालबागला होती, दहा बाय बाराची. तिच्यात गावची वीस-पंचवीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीला, एक वळकटी, आणि खुंटीवर एक सदरा. पहिली पाळी कामावर गेली की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपत. नवा मुलगा गावाहून आला की त्याला कुणी विचारत नसे की राहणार कुठे. ट्रंक ठेवायला जागा मिळाली की तो राहिला. पहिला पगार होईपर्यंत खोलीभाडं आणि खानावळ मंडळ सांभाळून घेई. नोकरी लावायचं कामही खोलीतलीच जुनी माणसं करत, जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या ओळखीने.

खानावळ चालवायची एखादी गिरणी कामगाराचीच बायको. आपल्या खोलीत पंधरा-वीस माणसांचं रांधायची. पैसे महिन्याच्या महिन्याला, पगार झाला की. मधल्या काळात ती वाण्याकडे उधारी करायची आणि सावकाराच्या व्याजात अडकायची. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मुंबईत येणाऱ्या माणसाला पोसण्याचं काम ज्यांनी केलं त्या बायकांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, म्हणून मी हे मुद्दाम लिहितो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर बऱ्याच जणांनी ट्रंका उचलल्या आणि गावाला गेले ते परत आलेच नाहीत. आमचे वडील राहिले. आई खानावळ चालवत होती म्हणून राहू शकले.

तेव्हा सहा कॉटना घाबरू नकोस. मात्र जागा घेताना इतकं बघ: पाणी किती वेळ येतं, संडास किती माणसांत एक, खिडकी उघडते का, आणि आत्ता राहणारी मुलं कशी आहेत. मालक नसताना त्या मुलांशी अर्धा तास बोल, ती खरं सांगतात. जेवणाला डबा लाव. माटुंगा आणि दादर या दोन्हीकडे पोळीभाजी केंद्रं आहेत, घरच्यासारखं मिळतं. अभ्यासाला खोली पुरणार नाही, तर महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, दादरला वाचनालय आहे. खोली झोपण्यापुरती धर.

---

केळीची_बाग | रविवार, रात्री ९:५०

काका, आईला वाचून दाखवलं. म्हणाली, काकांना विचार, वडिलांची ट्रंक अजून आहे का.

---

गिरणगावकर | रविवार, रात्री १०:०५

आहे. पत्रा जुना, पण कुलूप अजून चालतं. आईला नमस्कार सांग.

---

दस्तावेज | सोमवार, सकाळी ८:४४

माझं कामच कराराच्या नोंदणीचं आहे, म्हणून तेवढंच लिहिते.

भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असा समज बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा असतो. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं, आणि मालकाला शिक्षेची तरतूद आहे. "नोटरी करून टाकू, कशाला खर्च" असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं आणि अनामत रकमेवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. आता हे घरबसल्या ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. कोण किती भरणार हे आधी ठरवा. बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं करतात.

अनामत रक्कम बँकेतून द्या, रोख देऊ नका, आणि करारात आकडा लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचा आहे ते वाचा. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे, मीटरचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापण्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, तीही मालकाने द्यायची असते. पण झाली का, हे तुम्ही विचारा, कारण पुढे पासपोर्टच्या वेळी उपयोगी पडते.

सोसायटी भाडेकरूकडून वेगळे पैसे मागते, हीही एक तक्रार. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते मालकाने द्यायचं असतं, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासनाच्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

आणि न पाहिलेल्या घरासाठी एक पैसाही पाठवू नका. "मी सैन्यात आहे, बाहेर पोस्टिंग आहे, गेटपाससाठी आधी पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

---

सातपाटी | सोमवार, सकाळी ११:२०

कागद झाले, पण ज्यावर कुणी बोललं नाही ते मी बोलतो. घर शोधताना एजंटने दोन प्रश्न विचारले. फॅमिली की बॅचलर, आणि व्हेज की नॉनव्हेज. नॉनव्हेज म्हटल्यावर एका सोसायटीत गेटवरूनच परत पाठवलं. माझ्या घरी बाप-आजा मासेमारी करत आले. या शहराच्या किनाऱ्यावर माझ्या जातीची माणसं शहर व्हायच्या आधीपासून राहतात. आणि मला इथे सांगतात, मासे चालणार नाहीत. त्या दिवशी मी जेवलो नाही.

---

मांजराकाठ | सोमवार, दुपारी १:१५

सातपाटी दादा, वाचून खूप वाईट वाटलं. हे मलाही ऐकावं लागलंय. मग आम्ही एजंटला पहिल्याच फोनवर सांगायला लागलो की घरात मासे-मटण होतं, जिथे अडचण असेल ते घर दाखवूच नका. चकरा वाचल्या. अपमान कमी झाला असं नाही म्हणणार. पण डोंबिवली, ठाणे, परळ, माहीम, दादर, भांडुप इथे असा प्रश्न न विचारणारी माणसं भरपूर आहेत, हेही खरं.

---

पंचगंगा | सोमवार, रात्री १०:३२

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. मिस्टरांची नोकरी लोअर परळला लागलीय आणि मला ऐरोलीच्या कंपनीत मिळालंय. मुलगा चार वर्षांचा. सासूबाई अधूनमधून येतील, कायम राहणार नाहीत. दोन टोकांना दोन ऑफिसं आहेत, आता मधलं काय घ्यावं ते समजेना. मिस्टर म्हणतात परळजवळच छोटी खोली घेऊ. मला भीती वाटते. कोल्हापूरला आमचं अंगण आहे, मुलगा दिवसभर बाहेर खेळतो.

---

बोरिवली_पूर्व | सोमवार, रात्री १०:५८

ऐरोली म्हणजे ट्रान्सहार्बर, ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लाइन. ठाण्याहून दिघा गाव आणि मग ऐरोलीच. तुमच्याजवळ घ्या, मूल तुमच्याकडे असणार. मिस्टर लांबून येतील-जातील.

---

नवी_पहाट | सोमवार, रात्री ११:२१

बोरिवली दादा, मूल आईकडेच असणार हे तुम्ही ठरवूनच टाकलंत. आमच्या घरी उलट आहे. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं ऑफिस घरापासून चालत. पाळणाघरातून आणणं, ताप आला तर धावणं, सगळं तो करतो. म्हणून घर त्याच्या ऑफिसजवळ घेतलं. पंचगंगा, तुम्ही दोघांनी बसून आधी ठरवा की पाळणाघराचा फोन आला तर कोण निघणार. ज्याचं उत्तर असेल त्याचं स्टेशन धरा. आणि पाळणाघर घर बघायच्या आधी बघा. घरं मिळतात, चांगलं पाळणाघर मिळायला वेळ लागतो.

---

बोरिवली_पूर्व | सोमवार, रात्री ११:३०

मान्य. घरी कोण निघणार हेच आधी ठरवायला हवं.

---

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

पंचगंगा ताई, तुमच्या जागी मी असते तर ठाणे बघितलं असतं, स्टेशनच्या चालण्याच्या अंतरात. ठाणे पूर्व, म्हणजे कोपरी, किंवा पश्चिमेला नौपाडा. भाडं डोंबिवलीपेक्षा जास्त पडेल, घर लहान मिळेल. पण तुम्हाला ऐरोली अगदी जवळ आहे. मिस्टरांसाठी ठाण्याहूनच सुटणाऱ्या स्लो गाड्या आहेत, सकाळी थोडं आधी गेलं तर बसायला जागा मिळते. करी रोडला उतरून लोअर परळ चालत. संध्याकाळी मार्च २०१९ पासून परळहून सुटणाऱ्या लोकल आहेत, तिथेही बसून येता येतं. बसून केलेला तास आणि उभ्याने केलेला तास यात फार फरक आहे, चार वर्षांच्या मुलाशी घरी आल्यावर खेळायचं असेल तर जास्तच. ठाणं भाड्याने अगदीच जमलं नाही तर मुलुंड पूर्व. तिथून ऐरोलीचा पूल आहे, बस आणि रिक्षा मिळतात.

नौपाड्यात मराठी माध्यमाच्या जुन्या शाळा आहेत, इंग्रजीच्याही आहेत. अंगण मिळणार नाही हे खरंच आहे, त्याला मी काही बोलू शकत नाही. पण तलावपाळी आहे, संध्याकाळी तिथे मुलं असतात.

---

कृष्णेचं_पाणी | मंगळवार, सकाळी १०:४०

मी मुंबईत राहून वाईला परत आलो. इथे कुणी ते लिहिणार नाही म्हणून लिहितो. आईचं आजारपण होतं आणि मुंबईतल्या घरात तिचा पलंग मावत नव्हता. शहराबद्दल माझ्या मनात राग नाही. केईएमच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही, आणि तेव्हा वॉर्डाबाहेर रात्र काढताना शेजारच्या अनोळखी माणसांनी आळीपाळीने माझी जागा धरली, चहा आणून दिला. पण राहवलं नाही. येणाऱ्यांनी हे मनात धरून यावं की परत जाणं म्हणजे हरणं नाही. करारात लॉक-इन कमी महिन्यांचा घ्या, एवढीच माझी भर.

---

गिरणगावकर | मंगळवार, दुपारी १२:१०

बरोबर लिहिलंत. आमच्या खोलीतही दरवर्षी दोघं-तिघं गावाला परत जात. त्यांना स्टेशनवर सोडायला सगळी खोली यायची.

पावसाचं थोडं राहिलं, ते सांगतो. नवीन माणूस पाऊस पडला की घाबरतो नाहीतर अजिबात लक्ष देत नाही, दोन्ही चुकीचं. इथे नुसता पाऊस बघायचा नसतो, भरतीची वेळ बघायची. समुद्राला मोठी भरती असली, साडेचार मीटरच्या वर, की शहराचं पाणी समुद्रात जात नाही, उलटं आत येऊ नये म्हणून नाल्यांची दारं लावावी लागतात. अशा वेळी मुसळधार पाऊस झाला तर हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, मिलन सबवे भरतात. भरतीच्या वेळा पेपरात येतात, महापालिकाही सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी जे ऑफिसात थांबले ते सुखरूप राहिले आणि जे मोटारीच्या काचा लावून बसले त्यातले काही गेले. गाड्या बंद झाल्या तर रुळावरून चालायला लागू नका. जवळ कुणी ओळखीचं नसलं तरी थांबा. अशा दिवशी अनोळखी माणसाला घरात घेणारी दारं इथे उघडी होतात, मी स्वतः पाहिलंय. बॅगेत चार्जर, औषधं आणि बिस्किटाचा पुडा जून ते सप्टेंबर कायम ठेवा.

---

सातपाटी | मंगळवार, दुपारी ३:४५

काका, हिंदमात्याला आता मोठ्या टाक्या बांधल्यात, पूर्वीइतकं पाणी राहत नाही. पण भरतीचं अगदी खरं. आमच्याकडे ते कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि ताई, माझं घर मिळालं. भांडुपला. मालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, मासळीबाजार कुठला आवडतो.

---

पंचगंगा | शुक्रवार, रात्री ९:२७

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी पहाट ताईंनी सांगितलं तसं आम्ही दोघं बसलो. फोन आला तर मी निघायचं, आणि आठवड्यातून दोन दिवस मिस्टर घरून काम करतील तेव्हा त्यांनी, असं ठरलं. मग बुधवारी सुट्टी काढून ठाण्याला आलो. आधी पाळणाघरं पाहिली. एका ठिकाणी बाईंनी मुलाला मांडीवर घेऊन विचारलं, तुझ्या घरी कोण कोण आहे, तर याने कोंबड्यांसकट सगळ्यांची नावं सांगितली. तेच घेतलं. मग तिथून चालत जाता येईल असं कोपरीत वन आरके पाहिलं. लहान आहे, पण खिडकीतून झाड दिसतं. काल सकाळी मिस्टर गर्दीच्या वेळी ठाणे ते करी रोड जाऊन आले, मी ऐरोली करून आले. जमण्यासारखं आहे. करार दस्तावेज ताईंनी लिहिलं तसा नोंदवतोय. एजंट म्हणाला, तुम्हाला बरंच माहीत आहे.

पुढच्या रविवारी सामान घेऊन यायचा विचार आहे. सामान टेम्पोने, आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने. काही अडचण?

---

बोरिवली_पूर्व | शुक्रवार, रात्री ९:४५

अभिनंदन! रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या, पण तो दुपारच्या आधी सुरू होतो आणि महालक्ष्मी सकाळी लवकर पोचते. कल्याणला उतरून लोकलने ठाण्याला या, ब्लॉकच्या आत घरी पोचाल. तरी शनिवारी वेळापत्रक बघून घ्या. टेम्पोवाल्याला सांगा, पहाटे मुंबईकडे लागेल असा निघ. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात ठरावीक वेळी बंदी असते.

---

दस्तावेज | शुक्रवार, रात्री १०:०२

सोसायटीला विचारा, रविवारी सामान चढवायला परवानगी आहे का आणि लिफ्ट वापरू देतात का. काही ठिकाणी दुपारी बंद ठेवतात, काही ठिकाणी शिफ्टिंगचे पैसे घेतात. घेतले तर पावती मागा. कराराची प्रत आणि दोघांचे आधार सेक्रेटरींना शनिवारीच देऊन ठेवा, टेम्पोचा नंबरही कळवा, नाहीतर वॉचमन गेटवरच थांबवून ठेवतो.